किल्ला मातीत गेला, पुडी कुठे गेली?

दिवाळी जवळ आली की तुमच्या अंगणात पहिली गडबड कशाची सुरू होते? फराळाची नव्हे, किल्ल्याची! दगडगोटे आणि विटांचे तुकडे रचायचे, त्यांवर जुने गोणपाट पसरायचे, वरून चिखल लिंपायचा, बुरूज उभारायचे आणि उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या मुलांना तर नमुना शोधायला दूर जावे लागत नाही. खराखुरा शिवनेरी त्यांच्याच मुलखात उभा आहे.

दिवाळी संपते. किल्ल्याकडे दुर्लक्ष होते. एक दिवस आई म्हणते, "अरे, आता ते काढा तिथून." मग माती परसात जाते, दगड बांधावर जातात, गोणपाट झटकून माळ्यावर जाते. आठवड्याभरात किल्ल्याची खूणही उरत नाही.

पण त्याच अंगणात, त्याच दिवाळीत, आणखी एक वस्तू आली होती: चिवडा मसाल्याची चकचकीत पुडी. मसाला दहा मिनिटांत संपला. पुडी केरात गेली, केर घराबाहेर गेला. नंतर पुडी कुठे गेली? किल्ल्याचा हिशेब आपण चटकन सांगितला. पुडीचा हिशेब मात्र कोणालाच सांगता येत नाही. आज आपण तोच मांडून पाहू या.

कळंब ते बंगालचा उपसागर

पुणे–नाशिक रस्त्यावर मंचर आणि नारायणगाव यांच्या दरम्यान, घोड नदीच्या काठी कळंब हे गाव आहे. समजा, आपली पुडी या गावातल्या एका घरातून बाहेर पडली. वाऱ्याने ती ओढ्यात गेली आणि पुढच्या पावसाळ्यात ओढ्याने तिला घोड नदीत नेले. घोड नदी पुढे भीमेला मिळते. भीमेचे पाणी उजनीच्या धरणातून पुढे जाऊन कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे कळंबच्या अंगणातल्या पुडीला समुद्रापर्यंतचा रस्ता मोकळा आहे!

प्रत्येक पुडी समुद्रापर्यंत पोहोचतेच असे नाही. बहुतेक पुड्या वाटेत कुठेतरी झुडपात, गाळात किंवा शेतात अडकतात. तेथे ऊन लागून त्या ठिसूळ होतात आणि त्यांचे तुकडे पडतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अशा तुकड्यांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. तुकडा डोळ्यांना दिसेनासा झाला म्हणजे नाहीसा झाला असे मात्र नव्हे. तो मातीत असतो, पाण्यात असतो, पण माती किंवा पाणी होत नाही.

असे का व्हावे? चकलीच्या भाजणीत पिष्ट असते. पिष्ट म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी. पॉलिथिन हीसुद्धा लांब साखळीच, पण ती कार्बनच्या अणूंची. पिष्टाची साखळी तोडण्यासाठी आपल्या लाळेत आणि जिवाणूंच्या अंगी विकर नावाची रासायनिक हत्यारे असतात. कोट्यवधी वर्षे सजीव एकमेकांना खात आले आहेत, म्हणून ही हत्यारे तयार झाली. पॉलिथिन मात्र माणसाने विसाव्या शतकात बनवले. बहुतेक जिवाणूंच्या हत्यारांना त्या साखळीवर पकडच मिळत नाही. म्हणून अंगणात पडलेली चकली आठ दिवसांत मुंग्या आणि बुरशी संपवतात, आणि तिच्या शेजारची पिशवी तशीच राहते.

उकिरडा बिघडला कसा?

"उकिरडा" म्हटले की आपण नाक मुरडतो. पण जुन्या शेतकऱ्याच्या दृष्टीने उकिरडा म्हणजे घाण नव्हती. ती त्याची खताची पेढी होती. शेण, गोठ्यातला उरलेला चारा, चुलीची राख, भाजीची देठे, देवापुढची सुकलेली फुले, घरातला केर असे सारे तेथे साठत असे. पावसाळ्यापूर्वी ते कुजलेले खत गाडीत भरून शेतात पसरले जाई. शेतातून आलेली वस्तू शेतात परत जाई. तुमचा किल्ला जसा मातीत परत जातो, अगदी तसाच!

या उकिरड्यात एक गोष्ट न सांगताच पाळली जात होती. त्यात पडणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू कुजणारी होती. वेगळे करण्याची गरजच नव्हती. मग घरात पिशव्या आल्या, पुड्या आल्या, बाटल्या आल्या, औषधांची वेष्टने आली, घड्याळाचे सेल आले. सवय मात्र जुनीच राहिली: सगळे एकाच ढिगात टाकायचे. त्याबरोबर उकिरड्याचे खत बिघडले. पिशव्यांचे तुकडे आणि काचा असलेले खत कोणता शेतकरी शेतात टाकील?

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. भाजीचे देठ हा कचरा नाही. ते उद्याचे खत आहे. कोरडा कागद हाही कचरा नाही. तो उद्याचा पुठ्ठा आहे. काच पुन्हा वितळवता येते, पत्रा पुन्हा वापरता येतो. पण देठ, कागद, काच आणि पत्रा एका बादलीत टाकून वर उरलेली आमटी ओता. चारही वस्तू निरुपयोगी झाल्या! म्हणजे निम्मा कचरा बाजारातून येतच नाही. वस्तू मिसळून तो आपणच घरात तयार करतो.

दोनशे दाण्यांचा प्रयोग

हे पटत नसेल तर एक सोपा प्रयोग करा. शंभर दाणे मुगाचे आणि शंभर दाणे मटकीचे मोजून एका वाटीत घाला. चमच्याने ढवळा. पाच सेकंदांत मिश्रण तयार झाले. आता घड्याळ लावून दाणे वेगळे करायला बसा. एका सेकंदाला मटकीचा एक दाणा उचलला तरी शंभर सेकंद लागतील, आणि प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागेल. डोळे दुखतील ते वेगळेच! ढवळताना मात्र काहीच कष्ट पडले नव्हते.

कितीही वेळ ढवळत राहिलात, तरी मूग एका बाजूला आणि मटकी दुसऱ्या बाजूला असे आपोआप कधी होणार नाही. निसर्गात मिसळणे सोपे असते. वेगळे करण्यासाठी नेहमी कष्ट, म्हणजेच ऊर्जा, खर्च करावी लागते. मोठ्या वर्गात गेल्यावर तुम्ही उष्णतागतिकीचा दुसरा नियम शिकाल. त्याचेच हे घरगुती रूप आहे.

मसाल्याची पुडी म्हणजे याच नियमाची करामत. ती एका पदार्थाची वाटते, पण तिच्यात बहुधा प्लॅस्टिकचे दोन-तीन निरनिराळे थर असतात आणि मध्ये ॲल्युमिनियमचा एक अतिशय पातळ मुलामा असतो. हा मुलामा केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही पातळ असू शकतो. ओलावा आणि हवा आत जाऊ नये म्हणून ही योजना असते. मसाला त्यामुळे टिकतो हे खरे. पण हे थर पुन्हा सुटे करणे इतके अवघड आणि खर्चिक असते की भंगारवाला ती पुडी फुकटसुद्धा घेत नाही.

याउलट, स्वच्छ आणि कोरड्या वस्तूला नेहमी गिऱ्हाईक असते. पुणे शहरात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी १९९३ मध्ये आपली संघटना उभी केली आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. या कामात कोरडा पुठ्ठा म्हणजे मजुरीचे पैसे. आमटीने भिजलेला पुठ्ठा म्हणजे फक्त ओझे आणि दुर्गंधी. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनीही घरातच ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करायला सांगितले होते. त्यामागचे शास्त्र तुमच्या मूग-मटकीचेच आहे.

जाळून टाकले तर?

"एवढी कटकट कशाला? काडी लावली की संपले!" असे कोणी म्हणेल. दिवाळीनंतरच्या सकाळी ठिकठिकाणी अशा शेकोट्या पेटतातही. पण जाळल्याने वस्तू संपत नाही. ती धुराच्या रूपाने हवेत जाते. कचरा जाळण्याच्या शास्त्रोक्त भट्टीत तापमान ८५० अंश सेल्सिअसच्या वर ठेवतात आणि धूर गाळूनच बाहेर सोडतात. अंगणातला ओलसर ढीग नीट पेटत नाही, धुमसतो. अपुऱ्या प्राणवायूत काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. ढिगात पीव्हीसी जातीचे प्लॅस्टिक असेल, तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन नावाची अत्यंत घातक द्रव्येही निर्माण होतात.

त्यातून दिवाळी येते थंडीच्या तोंडावर. रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. त्यामुळे पहाटेचा धूर वर न जाता घरांच्या उंचीवरच तरंगत राहतो. तो कोणाच्या छातीत जातो? पहाटे अभ्यंगस्नान करून अंगणात आलेल्या तुमच्या धाकट्या भावंडाच्या आणि दम्याने खोकणाऱ्या आजोबांच्या.

ढीग, कुत्रा आणि बिबट्या

आता एक गोष्ट खास कळंबच्या परिसराची. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ऊस मोठ्या प्रमाणावर होतो, आणि उंच, दाट उसात बिबट्या लपून राहतो हे तुम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळी घराबाहेर एकटे पडू नका असे तुमची आजी उगीच सांगत नाही. जुन्नरजवळ माणिकडोह येथे संकटात सापडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्रही आहे.

पण उसात राहणारा बिबट्या खातो काय? उसात हरणे थोडीच असतात! जुन्नरच्या उत्तरेला असलेल्या अकोले तालुक्यात शास्त्रज्ञांनी बिबट्याच्या विष्ठेतले केस तपासून याचे उत्तर शोधले. हे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की बिबट्याच्या आहारात वजनाने सुमारे ८७ टक्के वाटा पाळीव व गावठी प्राण्यांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के होता.

मग कुत्री कशावर जगतात? बरीचशी उघड्यावर पडलेल्या अन्नावर. म्हणजे ही साखळी अशी: खरकटे घराबाहेर, खरकट्यावर कुत्रे आणि कुत्र्यामागे बिबट्या. दिवाळीत घराघरांत पाहुणे, पानात जास्तीचे वाढलेले, मग उरलेले अन्न पिशवीत बांधून कोपऱ्यावर. आपण नकळत घराजवळ बिबट्यासाठी आमिष मांडतो. ढीग नाहीसे केले की बिबटे लगेच निघून जातील असे नाही. उसाचा आडोसा आणि भटक्या कुत्र्यांची संख्या हीही कारणे आहेतच. पण निदान ज्या वाटेने तो वस्तीपर्यंत येतो, त्या वाटेवर जेवण मांडून ठेवू नये एवढे तर आपल्या हाती आहे.

पिशवीत बांधलेले खरकटे आणखी एकाचा घात करते. वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. गाईला हात नाहीत. गाठ सोडून अन्न तेवढे बाहेर काढता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोठीपोटात, या पिशव्या साठत जातात, पुढे सरकत नाहीत आणि पचतही नाहीत. पोट भरल्यासारखे राहून गाय खंगत जाते. पूजेच्या दिवशी गाईला खरा नैवेद्य द्यायचा असेल, तर एकही पिशवी उघड्यावर जाऊ देऊ नका.

कचरा घरात येण्यापूर्वीच

कचऱ्याची सर्वांत सोपी व्यवस्था म्हणजे तो घरात न आणणे. येथे थोडी भूमिती उपयोगी पडते. दहा सेंटिमीटर बाजूचा एक घनाकृती डबा घ्या. त्याचे आकारमान १००० घन सेंटिमीटर आणि पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर. आता तेवढाच माल पाच सेंटिमीटर बाजूच्या आठ डब्यांत भरा. प्रत्येकाचे पृष्ठफळ १५०, आठांचे मिळून १२०० चौरस सेंटिमीटर. माल तेवढाच, वेष्टन दुप्पट! एक सेंटिमीटर बाजूचे हजार डबे केले तर वेष्टन ६००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दहापट. वस्तू जितक्या लहान पुड्यांत घ्याल तितका कचरा वाढतो तो असा.

म्हणून फराळाची यादी करताना आईबरोबर बसा. पोहे, रवा, बेसन, गूळ, शेंगदाणे या वस्तू सुट्या मिळत असतील तर कापडी पिशवी आणि डबे घेऊन जा. मसाला घरी कुटता येतो. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटे-वाट्या यांवर बंदी घातली; पण कायद्याच्या आधीपासून आपल्याकडे पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण होतेच. शेजारी फराळ पाठवायचा तर ताटावर रुमाल झाका. ते ताट रिकामे परत करायचे नाही ही आपली रीत तुम्हाला माहीतच आहे. एकच ताट पाच घरे फिरते आणि कचऱ्याचा एक तुकडाही मागे राहत नाही.

माठातला उकिरडा

इतके करूनही भाजीची देठे, नारळाची शेंडी, झेंडूच्या माळा आणि आंब्याची पाने उरणारच. त्यांचे खत करू या. एक गळका माठ किंवा फुटकी बादली घ्या आणि बाजूला व तळाला भोके पाडा. तळाशी विटांचे तुकडे आणि त्यांवर वाळलेला पाला किंवा उसाचे पाचट पसरा. मग दररोज ओला कचरा बारीक करून घाला आणि त्यावर तेवढाच किंवा थोडा अधिक सुका पाला टाका. विरजण म्हणून मूठभर जुने शेणखत घाला. त्यात लाखो जिवाणू असतात.

सुका पाला कशासाठी? जिवाणूंना उर्जेसाठी कार्बन आणि शरीरबांधणीसाठी नायट्रोजन लागतो. नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे २५ ते ३० भाग असले की त्यांचे काम झपाट्याने चालते. ओल्या भाजीपाल्यात कार्बन या मानाने कमी पडतो. पाचटात मात्र तो नायट्रोजनच्या शंभरपट किंवा त्याहूनही अधिक असतो. दोन्ही एकत्र केले की मेळ जमतो. शिवाय काड्यांमुळे हवा खेळती राहते. हवा नसेल तर दुसऱ्याच जातीचे जिवाणू वाढतात, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब केला तर हा वायू वजनाला वजन कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. पिशवीत गाठ मारून ठेवलेले खरकटे घाण येते ते हवा कोंडल्यामुळेच.

दर तीन-चार दिवसांनी माठातला ऐवज वरखाली करा. मूठ दाबून पाहा. एखाददुसरा थेंब आला तर ओलावा योग्य. धार लागली तर आणखी पाला घाला. तळणीचे तेल, मटणाची हाडे आणि फटाक्यांचे कागद यांत टाकू नका. फटाक्यांच्या कागदांना धातूंचे क्षार लागलेले असतात. माठावर घट्ट झाकण ठेवा, म्हणजे उंदीर आणि कुत्री येणार नाहीत. दोन-तीन महिन्यांत पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास असलेले काळसर खत तयार होईल.

यंदाच्या सुटीतील काम

शाळेला सुटी लागली की एक वही आणि एक ताणकाटा घ्या. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत दररोज रात्री घरातला ओला कचरा, सुका कचरा आणि पुड्या-पिशव्या यांची वेगवेगळी वजने करा आणि तक्ता भरा. पुड्यांचे वजन अगदी थोडे भरेल. म्हणून त्या मोजून त्यांची संख्याही लिहा. सुटीनंतर चार साध्या दिवसांची वजने करून तुलना करा. सणाचा कचरा नेमका कशामुळे वाढला हे तुमचा तक्ताच सांगेल.

दुसरे काम: परसात वीतभर खोल चार खड्डे काढा. एकात झेंडूचे फूल, दुसऱ्यात वर्तमानपत्राचा तुकडा, तिसऱ्यात पळसाच्या पानाचा तुकडा आणि चौथ्यात मसाल्याची पुडी पुरा. खुणेसाठी काठ्या रोवा आणि आठवड्यातून एकदा पाणी शिंपडा. महिन्याने उकरा, पाहा, लिहा आणि पुन्हा बुजवा. दर महिन्याला असेच करा.

पुढच्या दिवाळीला तुम्ही नवा किल्ला बांधायला घ्याल तेव्हा माती त्याच परसातून खणा. फूल सापडणार नाही. ते मातीच झालेले असेल. पुडी मात्र बहुधा जशीच्या तशी निघेल, तिच्यावरची अक्षरेसुद्धा वाचता येतील. ती धुऊन वहीत चिकटवा आणि खाली तारीख लिहा. मग त्या वर्षीच्या फराळाची यादी करायला आईजवळ बसा.